अण्णासोंच्या घड्याळातला दिवस

...तर अण्णासो मगदूम सेलमच्या स्टेशनावर उतरले. कमरेला कापडी पट्ट्यात पैंजणांचा माल, हातात डबा. उतरल्या उतरल्या माणूस काय करतो? लॉज शोधतो, गिऱ्हाईकाला फोन लावतो. अण्णासोंनी फलाटावरच्या बाकावर बैठक मारली, मान वर करून सूर्य बघितला, मनगटावरचं घड्याळ बघितलं, "अजून अर्धा तास हाय" असं स्वतःशीच म्हणाले आणि डबा सोडला. काल इथवर आलो होतो आणि मध्येच चहा आला, म्हणून गोष्ट राहिली.

पुढं झालं असं की, शेजारी एक हमाल उभा होता. त्याला वाटलं हा पावणा सूर्याला नमस्कार करतोय. त्यानंही हात जोडले. अण्णासोंना तमिळ येत नव्हतं आणि त्याला मराठी. त्यांनी आपला दशमीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. हमालानं तो प्रसाद म्हणून डोक्याला लावला, खाल्ला आणि जाताना अण्णासोंच्या पाया पडला! ही गोष्ट अण्णासो कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या चहाच्या गाड्यावर इतक्यांदा सांगायचे, की चहावालाच मधनं म्हणायचा, "अण्णासो, आज त्या हमालाला जरा चटणी तरी द्या की."

आता नवख्या माणसाला वाटेल, स्टेशनावर सूर्य कशाला बघायचा? तर मगदूम हे जैन घर. दिवस मावळला की जेवण नाही. अण्णासो स्वतः त्यात थोडे ढिले होते, गाडी चुकली तर रात्री केळं खायचे आणि सकाळी हात जोडायचे. पण त्यांची बायको राजमती, तिचं तसं नव्हतं. मुलगा अनेकांत पाळण्यात असताना तिनं मुनीमहाराजांसमोर नेम घेतला होता, दिवस मावळल्यावर अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंब नाही. एकदा भर तापात डॉक्टरांनी रात्री गोळी दिली, तर ती गोळी मुठीत धरून पडून राहिली. अण्णासो पहाटेपासून गच्चीवर पूर्वेकडं तोंड करून उभे. सूर्याची कड दिसली तसे जिन्यातनंच ओरडत खाली आले, "आला! आला! घे गं गोळी!" खालच्या दुकानदाराला वाटलं, ह्यांचा पावणाच आला.

नेम तिचा आणि पहारा ह्यांचा, असा तो संसार.

अण्णासो मूळचे हुपरीचे. घरात चांदीची पैंजणं व्हायची. वडील डाग द्यायला, म्हणजे सांधे जोडायला बसायचे, आई घुंगरू ओवायची. अण्णासोंच्या हातात फुंकणी दिली की एक तर जाळ विझायचा, नाहीतर पैंजणाचा गोळा व्हायचा. शेवटी वडील म्हणाले, "ह्याच्या हाताला कला न्हाय, पायाला भिंगरी हाय. ह्याला माल घिऊन धाडा." आणि धाडलं. सेलम, राजकोट, आग्रा. लग्नानंतर शाहूपुरीत दोन खोल्या घेतल्या आणि तिथनं त्यांची भिंगरी फिरत राहिली.

त्यांना नाद लागला तो अंतराचा. कुठलंही गाव सांगा, तिथवरचं अंतर आणि लागणारा वेळ त्यांच्या जिभेवर. पण त्यांचं खरं माप जेवणाचं. "आग्रा म्हंजे तीन जेवणं. सेलम दोन. राजकोटबी दोनच, पण दुसरं घाईचं." कुठल्या स्टेशनावर ऊन असेल, कुठं गाडी उशीर करते, डबा कुठं सोडायचा, सगळं तोंडपाठ. राजमतीला घेऊन कुठं जायचं झालं की ते छातीला हात लावून म्हणायचे, "तू कशाला काळजी करतीस? मी हाय की!"

आणि खरंच, एवढ्या वर्षांत तिचा नेम कधी मोडला नाही. एकदाच जरा गडबड झाली. गल्लीतली मंडळी झारखंडात सम्मेदशिखरजीच्या यात्रेला गेली होती. तिथं अण्णासो घड्याळ बघून म्हणाले, "अजून लई वेळ हाय, निवांत जेवू." आणि बघतात तर सूर्य गायब. तो मुलूख पूर्वेला, तिथं दिवस आपल्या आधी मावळतो. राजमती त्या रात्री उपाशी झोपली. हसून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. यात्रेत एक उपास जादा घडला." अण्णासोंनीही ते हसण्यावारी नेलं. हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढं त्यांच्या जिवाला काय लागलं ते कळेल.

अनेकांत शिकला, मेलबर्नला नोकरीला लागला. सून आदिती तिकडंच. त्यांना मुलगी झाली. फोनवर नात दिसायची, हात हलवायची. अनेकांत म्हणायचा, "आई, या की तुम्ही दोघं." राजमतीचं एकच उत्तर, "लेकरा, इमानात माझा नेम ऱ्हायचा न्हाय. तुम्हीच या." अशी दोन वर्षं गेली. नात चालायला लागली, फोनमधनं पळून जायला लागली.

राजमतीला नात बघायची नव्हती असं नाही. पण खरं सांगायचं तर अण्णासोंचा जीव जास्त तडफडत होता. निम्मा नातीसाठी आणि निम्मा विमानासाठी. जन्मभर रेल्वेच्या बाकड्यावर अंतर मोजलेला माणूस, त्याला एवढं मोठं अंतर एकदा तरी आपल्या खाती घालायचं होतं.

एके दिवशी ते तिकिटाच्या ऑफिसात जाऊन बसले. तिथल्या पोरीनं सांगितलं, "मुंबईहून थेट विमान आहे काका. बारा तास."

"अंतर?"

"अंतर?" पोरीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तिनं बघून सांगितलं, "दहा हजार किलोमीटरच्या आसपास."

"मधी थांबतंय कुठं?"

"काका, यष्टी न्हाय ती!"

ऑफिसातली माणसं हसली. अण्णासोही हसले, पण डोक्यात चाक फिरायला लागलं होतं. विमान दुपारी सुटतं. वैशाखातला दिवस, मावळायला पावणेसात. म्हणजे विमानात बसल्यावरसुद्धा चांगला सहा तास दिवस. चपला पायात सरकवल्या आणि जवळजवळ पळतच घरी आले.

राजमतीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यापरास मी त्या दिवशी उपासच धरते. दुसऱ्या दिवशी उगवल्यावर बघू. भानगडच नको."

बघा, वाट सरळ होती. तिनंच दाखवली होती. पण अण्णासोंना ती कमीपणाची वाटली. एवढी वर्षं ज्यानं पहारा केला, त्याच्या हिशोबावर विश्वास नाही?

"उपास कशाला? गुडघं दुखत्यात तुझं, त्यात गोळ्या. उपाशी पोटी बारा तास बसणार? सहाला जेवायचं, साडेसहाला पाणी पिऊन मोकळं. मी हाय की!"

राजमतीनं गुडघा चोळला. मग म्हणाली, "तुम्ही हाय म्हणता तर चला."

विमानात अण्णासोंना खिडकी मिळाली. राजमती शेजारी, वाटेच्या बाजूला, गुडघ्यासाठी. विमान उठलं तशी तिनं डोळे मिटून णमोकार मंत्र सुरू केला आणि अण्णासोंनी समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. त्या पडद्यावर नकाशा! त्यावर इवलंसं विमान, किती आलं, किती राहिलं, वेग किती, सगळं हलतंय. अण्णासोंना स्वर्ग दोन बोटं उरला. दुपारचं ऊन डोळ्यांवर यायला लागलं, तसं हवाईसुंदरीनं येऊन खिडकीचं झाकण खाली ओढलं. अण्णासो म्हणाले, "ओढा ओढा, मला इथंच बरं दिसतंय."

वाटेपलीकडं एक तेलुगू गृहस्थ बसले होते, त्यांना मोडक्या हिंदीत अण्णासो अंतर सांगत राहिले. सेलमचा हमालसुद्धा सांगून झाला. मध्येच त्यांच्या ध्यानात आलं, की नकाशावर समुद्राचा पुढचा भाग काळा दिसतोय आणि इवलंसं विमान त्या काळ्यात शिरतंय. त्यांनी गृहस्थांना सांगितलं, "इधर समुंदर बहुत गहिरा होगा." गृहस्थांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

मनगटावरच्या घड्याळात सहा वाजले. हे घड्याळ लग्नातलं, मुंबईपर्यंत काय आणि आग्र्यापर्यंत काय, कधी चुकलेलं नाही. अण्णासो म्हणाले, "चल, सोड डबा. पाऊण तास हाय अजून."

राजमतीनं रुमाल अंथरला. दशम्या, लसूण नसलेली शेंगांची चटणी, थोडा गूळ. आजूबाजूला माणसं घोरत होती, दिवे मंद होते. ती शांतपणे, चावून चावून जेवली. गोळी घेतली. पाणी प्याली. रुमालावरचे कण वेचून खाल्ले. मग हात जोडून म्हणाली, "बघा, तुमच्यामुळं इमानातबी नेम टिकला माझा."

अण्णासोंना एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की तिला मावळतीचा सूर्य दाखवावा म्हणून त्यांनी खिडकीचं झाकण वर केलं.

बाहेर काळाकुट्ट अंधार. आणि त्या अंधारात, कोल्हापुरात कधी दिसत नाहीत एवढ्या चांदण्या. सूर्य मावळला होता तो आत्ता नव्हे, केव्हाचाच मावळला होता.

अण्णासोंचा हात झाकणावरच राहिला. शिखरजीची ती संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांपुढं लख्ख उभी राहिली. पूर्वेला दिवस आधी मावळतो हे ह्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण पडद्यावरच्या विमानाच्या नादात आठवायची सवडच झाली नाही.

"काय दिसतंय?" मागनं राजमतीनं विचारलं.

झाकण खाली आलं.

"ढग," अण्णासो म्हणाले.

पुढचे सहा तास त्यांनी पडद्याकडं बघितलं नाही. राजमती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिच्या पदराला चटणीचा वास येत होता आणि तो वास अण्णासोंना सोसवेना.

मेलबर्नला नात पहिल्या दिवशी लाजली, दुसऱ्या दिवशी राजमतीच्या मांडीवरनं उठेना. तिकडं तेव्हा थंडीकडं झुकलेले दिवस, दिवस लवकर मावळायचा. राजमती फोनवर एकेकीला सांगायची, "अगं, इमानातसुद्धा माझा नेम मोडला न्हाय. ह्यांचा हिशोब!" अण्णासो शेजारी बसून नातीच्या बुटाची नाडी बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे.

एका दुपारी बागेत बाकावर त्यांनी अनेकांतला सगळं सांगितलं. अनेकांतनं ऐकलं आणि म्हणाला, "अप्पा, तुम्ही पूर्वेला निघालेला. सूर्य मागं पळतोय, तुम्ही पुढं पळताय. आपल्या घड्याळात पाच वाजले असतील-नसतील तेवढ्यातच तिथं मावळला असणार."

"ते कळलं रं आता."

"मग आईला सांगू नका. तिला कुठं ठाऊक आहे? अजाणता झालं ते. तिला दोष लागत नाही."

"तिच्या हातनं अजाणता झालं," अण्णासो म्हणाले. "माझ्या हातनं न्हाय. मी झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं."

अनेकांत उठला. त्यानं बापाला कॉफी आणून दिली. ती तशीच गार झाली.

परतीच्या प्रवासाला अण्णासोंनी हट्टानं पोट बिघडल्याचं सोंग केलं आणि राजमतीला म्हणाले, "माझ्यासंगं तूबी उपास धर." तिनं धरला. तेवढा एक दिवस त्यांचा जीव जरा थाऱ्यावर आला.

पण कोल्हापुरात पाय ठेवला आणि वाढतच गेलं. चहाच्या गाड्यावर मंडळी वाट बघत होती. "बोला अण्णासो! मेलबर्न म्हंजे किती जेवणं?" अण्णासोंनी चहा अर्धा ठेवला. "लांब हाय," एवढंच म्हणाले. कुणी गोव्याचे तास विचारले तर, "बोर्ड बघा की स्टँडावर." चहावाला काळजीनं म्हणाला, "अण्णासो, त्यो हमाल तरी बरा हाय न्हवं?"

मनगटावरचं घड्याळ त्यांनी काढून कपाटात टाकलं. राजमतीनं विचारलं तर म्हणाले, "बिघडलंय." तिनं ते गुपचूप कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडं नेलं. घड्याळजी म्हणाला, "काकू, घड्याळाला काय धाड भरल्या? सेकंदानं चुकत न्हाय." ती ते पुसून परत घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या मनगटावर बांधलं. "नीट झालं बघा," म्हणाली. आता काय म्हणायचं होतं त्यांनी?

त्यांनी स्वतःचं रात्रीचं केळं बंद केलं. मग रात्रीचं पाणी बंद केलं. मग गूळ सोडला, मग भाताला हात लावेनात. मनात हिशोब असा, की तिचं जे गेलं ते आपल्याकडनं थोडं थोडं भरून द्यावं. तर झालं उलटंच! राजमती बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, बायकांना कौतुकानं सांगायला लागली, "परदेशाला जाऊन आल्यापासनं ह्यांचा धर्म लई वाढलाय." बायका अण्णासोंना वाट द्यायला लागल्या. वाट मिळाली की अण्णासो मान खाली घालून निघून जायचे. त्यावर बायका म्हणायच्या, "बघा, गर्व किती न्हाय!"

एकदा त्यांनी सांगायचं ठरवलं. राजमती भाजी निवडत होती. ते समोर बसले. "अगं, त्या दिवशी इमानात—"

"व्हय वो," ती म्हणाली, "मला तर सारखं त्येच आठवतंय. एवढ्या उंचावर, देवाच्या जवळ बसून जेवले मी." आणि तिच्या तोंडावर असं काही आलं, की अण्णासो मेथीची जुडी घेऊन तिच्याबरोबर निवडायला बसले.

ते असं किती चाललं असतं कुणास ठाऊक. पण भाद्रपदात दशलक्षणाचे, म्हणजे जैनांच्या पर्वाचे दिवस आले. बस्तीत दुपारी गर्दी. प्रवचन उरकलं, बायका पायऱ्यांवर टेकल्या, पुरुष खांबाला पाठ लावून बसले. तेवढ्यात गल्लीतली नवी सून स्नेहल पुढं आली. नवऱ्याला ऑकलंडला नोकरी लागली होती.

"काकू, एक विचारायचं होतं," ती राजमतीला म्हणाली. "पुढच्या महिन्यात आम्ही निघालोय. आमच्या सासूबाईंचाही नेम आहे, तुमच्यासारखाच. त्या यायला तयार नाहीत. म्हटल्या, विमानात कुठला नेम राहतोय."

राजमतीच्या तोंडावर तेज आलं. "ऱ्हातो की! माझा ऱ्हायला न्हवं? तुझ्या सासूला सांग, निवांत बसा इमानात. अवो, इकडं या जरा! ह्या पोरीला तुमचा त्यो हिशोब सांगा. किती अंतर, किती तास, जेवायचं कवा, सगळं. ह्यांचा हिशोब कवा चुकत न्हाय बघ."

अण्णासो खांबाजवळनं उठले. पायऱ्यांपर्यंत आले. स्नेहलची सासू मागं उभी होती, पदर दातांत धरून, अगदी तशीच जशी राजमती दोन वर्षं फोनसमोर बसायची. तिची नजर अण्णासोंच्या तोंडावर खिळली होती. ह्यांनी हो म्हटलं की ती निघणार होती.

एक नेम मोडला तरी त्यांना बोलता आलं नव्हतं. आता दुसरा दारात उभा होता.

अण्णासोंनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि खिशात ठेवलं.

"पोरी, घड्याळावर जाऊ नगंस," ते म्हणाले. "तासबी मोजू नगंस आणि अंतरबी मोजू नगंस. तुम्ही पूर्वेला निघालाय, तिकडं आपल्या आधी मावळतंय. खिडकीचं झाकण उघडं ठेव. ऊन दिसतंय तवर सासूला खाऊ घाल. न्हायतर त्यापरास त्यांनी उपास धरावा. पण झाकण लावून जेवू नगा."

स्नेहलनं मान हलवली. पायऱ्यांवरच्या बायका मात्र एकमेकींकडं बघायला लागल्या. राजमतीच्या कपाळाला आठी पडली. ती हळूच उठली, गुडघ्यावर हात ठेवून.

"आपलं झाकण तर लावल्यालं हुतं," ती म्हणाली. "मी जेवल्यावर तुम्ही उघडलं. मी इचारलं, काय दिसतंय. तुम्ही म्हणाला, ढग."

अण्णासोंनी बायकोच्या डोळ्यांत बघितलं. वैशाखापासनं ते तिकडं बघायचं टाळत होते.

"ढग न्हवतं गं ते. चांदण्या हुत्या. तू उपास धरते म्हणाली हुतीस, मीच न्हाय म्हटलं. नेम तुझा मोडला न्हाय, मी मोडला."